कोपऱ्यातली चंद्रकोर

१

कोणी खरं मानणार नाही, पण गंगेच्या पाण्याकडे नुसतं बघून आज चंद्र किती वाजता उगवणार ते सांगणारा एक माणूस कोलकात्यात राहतो, आणि तो मराठी आहे. त्यांचं नाव श्यामराव देवस्थळी. ‘कोणी खरं मानणार नाही’ हे शब्दही त्यांचेच. रेल्वेच्या गार्डन रीचच्या कचेरीत सगळी नोकरी काढून ते बागबाजारात राहिले ते राहिलेच. छत्री आडवी धरून मेल गाडी थांबवली, हावड्याच्या फलाटावर खिसेकापू नुसत्या शिंकेवरून ओळखला, अशा त्यांच्या गोष्टी. लोक हसत, चहा सांगत आणि घरी गेल्यावर विसरत. चंद्राची गोष्ट मात्र कोणी विसरत नसे, कारण ती दर महिन्याला खरी निघायची.

त्याचं असं आहे. मराठी कॅलेंडर येतं पुण्या-मुंबईहून, त्यामुळे त्यातला चंद्रोदयही तिकडचाच. कोलकात्यात चंद्र तासभर आधी येऊन बसलेला असतो. कॅलेंडर बघून संकष्टी सोडायची, तर ताट वाढून चंद्राकडे बघत बसायचं. म्हणून दर संकष्टीला श्यामराव संध्याकाळी बागबाजारच्या घाटावर जात, भरतीचं पाणी कुठल्या पायरीला लागलं ते बघत आणि मंडळातल्या उपासवाल्या घरांना फोन करून वेळ सांगत. वेळ चुकली असं कधी झालं नाही. त्या विद्येच्या जोरावर मंडळातल्या बायका त्यांची मेल गाडीही सहन करत.

आता त्या शनिवारचं सांगतो.

गंगातीर मराठी मंडळ म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. एक कपाट पुस्तकांचं, एक टेबल, त्यावर मंडळाचा कॉम्प्युटर आणि भिंतीवर देणगीतून आलेला मोठा टीव्ही. छताला जुना पंखा, फेरी पूर्ण झाली की ‘कट्’ म्हणणारा. मंडळाचे जुने वक्ते त्या कट् वर वाक्य संपवायला शिकले होते.

त्या दिवशी वधूवर परिचय होता. नागपूर, नाशिक, बेळगाव इथली कुटुंबं आपापल्या दिवाणखान्यातून टीव्हीवर अवतरली होती. सचिव विजय टिळेकर, बँकेतले अधिकारी, दोन वर्षांपूर्वी नाशिकहून बदलून आलेले, आपल्या भारदस्त आवाजात सांगत होते की आमच्या मंडळाचं वातावरण अगदी घरगुती आणि सुसंस्कृत आहे. ‘सुसंस्कृत’ म्हणत असतानाच त्यांनी मधुवंतीला मंडळाचं पान उघडायची खूण केली.

मधुवंती शाळेत शिकवते, जन्म कोलकात्यातलाच. तिने पान उघडलं, तर त्याच्या जागी काहीतरी शोधायची भलतीच चौकट आली. तिच्यावर एक गुलाबी खिडकी उघडली. त्यात कपड्यांच्या बाबतीत फार काटकसरी असलेली एक बाई होती आणि खाली बंगालीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘एका लागछे?’ एकटं वाटतंय का? मधुवंतीने ती बंद केली, तशा तिच्या दोन बहिणी आल्या. मग तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विषाणू शिरले आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा, असं एक आवाज हिंदीत ओरडू लागला. बेळगावच्या काकूंनी पदराने डोळे झाकले. मधुवंतीने टीव्हीची वायरच उपटली.

खोलीत पंख्याशिवाय कोणी बोललं नाही. कट्. कट्.

आणि मग, कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. ‘एकटं वाटतंय का’ या प्रश्नाला हो म्हणेल असा खोलीत एकच माणूस होता. रमेश सबनीस. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी परदेशी, रोज संध्याकाळी मंडळात येऊन त्याच कॉम्प्युटरसमोर एकटे बसणारे.

रमेशरावांनी काही ऐकू आलं नसल्यासारखा चष्मा पुसायला घेतला.

२

माणसं पांगून मंडळातले चार-पाच जणच उरले, तेव्हा विजयरावांनी दार लोटून घेतलं. त्यांचं म्हणणं होतं की विषय वाढवण्यात अर्थ नाही. त्या कॉम्प्युटरवर रोज कोण बसतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा रमेशरावांनी सन्मानाने किल्ली ठेवावी आणि आपण नागपूर-बेळगावला माफीचं पत्र धाडावं.

किल्ली म्हणजे साधी गोष्ट नव्हती. सून-मुलगा नाही, शेजारी बंगाली, बोलायला मराठी कोणी नाही अशा माणसाला संध्याकाळी जायला ती एकच जागा होती. आणि ज्या कारणासाठी किल्ली जाणार होती, ते कारण पुढे त्यांच्याआधी सगळीकडे पोचणार होतं.

श्यामराव उठले. रमेश त्यांचा गार्डन रीचपासूनचा मित्र, एका टेबलावर दोघांनी डबे खाल्लेले. शिवाय सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर गप्प बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

“ज्याने हावड्याला शिंकेवरून चोर पकडला, त्याला हे काय अवघड आहे? पुढच्या रविवारच्या सभेत गुन्हेगार तुमच्यासमोर उभा करतो,” ते म्हणाले.

“रविवार,” विजयराव म्हणाले. “नाहीतर किल्ली.”

किल्ल्या चौघांकडे होत्या. विजयराव, मधुवंती, रमेशराव आणि स्वतः श्यामराव. पण श्यामराव कॉम्प्युटरला हात लावत नाहीत हे जगजाहीर होतं. त्यांनीच ते जाहीर केलेलं होतं.

बाहेर गल्लीत मधुवंतीने त्यांना थांबवलं. “दांडान, थांबा काका, एक सांगते. असलं काही आपोआप येत नाही. कोणीतरी फुकटची एक वस्तू उतरवून घेतो आणि तिच्या पोटातून ह्या चार निघतात. तो माणूस वाईटच असतो असं नाही. आणि मागच्या रविवारी मुलांच्या मराठीच्या वर्गाला कॉम्प्युटर एकदम साफ होता.”

म्हणजे जे झालं ते त्या रविवार आणि शनिवारच्या मध्ये. श्यामरावांना बरं वाटलं. तपास करतोय असं वाटायला लागलं होतं.

३

घरी आलेल्या श्यामरावांसाठी रमेशरावांनी चहा टाकला, पण समोर बसले नाहीत. खिडकीशी उभे राहून बोलले. मंगळवारी सगळं ठीक होतं. बुधवारी त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उशीर झाला, म्हणून ते मंडळात आले नाहीत. गुरुवारी कॉम्प्युटर लावला आणि त्या बाया आल्या. शुक्रवारी पुन्हा.

श्यामरावांनी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

“वाटलं, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल. कोणाला सांगू? ह्या वयात, हा असला विषय. दोन्ही दिवस बंद करून घरी आलो.”

“तू रोज बघतोस तरी काय तिथे?”

रमेशरावांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले की सांगलीचं हवामान बघतो. बायको सांगलीची. ती रोज विचारायची, आज आमच्याकडे किती ऊन असेल हो. ती सवय राहिली.

श्यामरावांनी कप खाली ठेवला. जाताना दारात ते काहीतरी धीराचं बोलणार होते, पण रमेशरावच आधी बोलले.

“शनिवारी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तूही बघितलंस, श्याम.”

जिना उतरताना श्यामरावांना आठवलं की खरंच बघितलं होतं.

तिथून ते विजयरावांकडे गेले. विजयराव अंघोळीला गेले होते, म्हणून त्यांची बायको प्रतिभा बोलत बसली. ती उपासवाली. बुधवारी संकष्टी होती तेव्हा हे मंडळात निमंत्रणं छापायला गेले होते, दुपारी परत आले, असं ती म्हणाली. आणि काका, तुमच्या फोनमुळे किती सोय होते, कॅलेंडर धरून बसले असते तर चक्कर आली असती. फोनमध्ये कट्-कट् ऐकू येत होतं, ते काय होतं?

“वल्हं,” श्यामराव पटकन म्हणाले. “घाटाला होडी लागली होती.”

विजयराव टॉवेल खांद्यावर टाकून आले. बरंच उलटसुलट विचारल्यावर त्यांनी, आवाज एकदम बारीक करून, कबूल केलं की बुधवारी छापता छापता मॅचचा स्कोअर बघत होतो. त्या पानाने विचारलं, सूचना पाठवू का, म्हटलं पाठव. “पण ते स्कोअरचं. बायांचं नव्हे,” ते म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे बघून घेतलं.

तर बुधवार. बुधवारी विजयराव एकटे होते, दुपारी. संध्याकाळी तिथे कोण होतं, याचा विचार श्यामरावांनी त्या दिवशी केला नाही. विचार दाराशी येऊन उभा होता, त्यांनी दार उघडलं नाही इतकंच.

४

पुढच्या शनिवारी दुपारी मधुवंती कॉम्प्युटरसमोर बसली आणि श्यामराव तिच्या मागे हात पाठीशी बांधून उभे राहिले. वर पंखा वाजत होता.

आधी तिने सूचना पाठवायची ज्यांना ज्यांना परवानगी दिली गेली होती ती पानं काढली. त्यात विजयरावांचा स्कोअर होता. पण तो निघाला तरी गुलाबी खिडकी आलीच. म्हणजे विजयराव सुटले. त्यांचा अपराध झुरळाएवढा होता, आणि इथे कोणीतरी म्हैस आणून बांधली होती.

मग तिने ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. तिथे इवलीशी चंद्रकोर होती.

“हे मी मागच्या शनिवारीच बघितलं होतं. वाटलं, रात्रीचा काळा पडदा करणारं काहीतरी असेल, डोळ्यांना त्रास नको म्हणून लोक घेतात तसलं. विजयकाका म्हणालेच, रमेशरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांनीच घेतलं असणार. मीही मान डोलावली.” ती थोडी खजील झाली. “उघडून बघितलं नव्हतं.”

तिने चंद्रकोर काढून टाकली. ब्राउझर बंद करून उघडला. चंद्रकोर परत हजर.

“दिसलं? हिचा एक जोडीदार बाहेर बसलाय, मशीनमध्ये. आपण काढतो, तो परत बसवतो. आधी त्याला हाकलायचं, मग हिला. मग पहिलं पान आणि शोधायची चौकट पुन्हा आपली लावायची, नावाजलेल्या साधनाने एकदा झाडून घ्यायचं आणि मशीन बंद करून चालू करायचं.”

“आणि हा आत येतो कसा?” श्यामरावांनी विचारलं.

“फुकट वस्तूच्या पानावर एक मोठं हिरवं बटण असतं ना, ते बहुतेक वेळा जाहिरातच असते. खरं बटण कुठेतरी बारीक असतं. ज्याची वस्तू त्याच्याच पानावरून घ्यायची. मग बसवताना पुढे, पुढे, पुढे विचारतात. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, याच्याबरोबर हे-हेही घेणार, आणि टिक आधीच केलेली असते. ती काढायची. माणसं वाचत नाहीत, हो म्हणत जातात.”

श्यामरावांना हिरवं बटण दिसलं. समोर नव्हे, आत. चांगलं मोठं, झाडाच्या पानासारखं हिरवं. आणि ते पुढे, पुढे. इतक्या नम्रपणे कोणी विचारत होतं की त्यांना नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटलं होतं. शेवटी हवा होता तो आकडा दिसला आणि ते उठले होते. काही बसवलं असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. बसवतात तो पाण्याचा पंप.

“काढायच्या आधी बघू तरी ही बाई कोण आहे,” मधुवंती म्हणाली आणि तिने चंद्रकोरीवर टिचकी मारली.

एक निळी चौकट उघडली. आत पूर्ण चंद्र, त्याखाली गणपती आणि शुद्ध मराठीत लिहिलेलं: आपल्या गावचा चंद्रोदय. गाव, कोलकाता.

५

मधुवंतीने खुर्ची वळवली. ती शिक्षिका आहे, गणित सोडवताना मोठ्याने सोडवते.

“म्हणजे हे कोणा उपासवाल्याचं काम. रमेशकाकांना मधुमेह, ते उपास करत नाहीत, सुटले. मी करत नाही. विजयकाका करत नाहीत, प्रतिभाकाकू करतात. पण त्यांनी नवऱ्याला हे बघायला सांगायची काही गरजच नाही. त्यांना तर तुमचा फोन...”

ती थांबली.

श्यामराव पुस्तकांच्या कपाटाकडे बघत होते. तिथलं एकही पुस्तक त्यांना दिसत नव्हतं. घाटावरच्या भटजींकडे बंगाली पंजिका, म्हणजे पंचांग, असे, त्यातून वेळ विचारायची, एक विड्याचं पान द्यायचं आणि पाण्याकडे बघत फोन लावायचा, अशी इतक्या वर्षांची विद्या. या महिन्यात भटजी गावी गेले होते. शेजारचा दुकानदार पंजिका ठेवत नव्हता. सहा घरं फोनची वाट बघत होती. आपल्याला येत नाही असं म्हणण्याऐवजी ते किल्ली घेऊन मंडळात आले होते.

मधुवंतीने त्यांच्याकडे फार वेळ बघितलं नाही. ते श्यामरावांना जास्त लागलं. ती परत वळली आणि शांतपणे एकेक करून काढत गेली. जोडीदार गेला, चंद्रकोर गेली, मंडळाचं पान परत आलं.

“झालं,” ती म्हणाली. “उद्या सभेत मी सांगू, की तुम्ही सांगता?”

“मी सांगतो.”

“बरं. तुम्हीच सांगा, काका.”

घरी त्यांच्या बायकोने, सुहासिनीबाईंनी, थालीपीठ लावलं होतं. त्यांनी विचारलं, सापडला का तुमचा चोर? श्यामराव म्हणाले, सापडल्यात जमा आहे. त्यांनी दुसरं थालीपीठ घेतलं नाही, तेव्हा बाईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा ताटाकडे बघितलं. इतक्या वर्षांत नवऱ्याची एकही गोष्ट त्यांनी मध्ये तोडली नव्हती.

बागबाजारात एकेकाळी मराठ्यांना अडवायला खंदक खणला होता, तो इथूनच सुरू व्हायचा, हे श्यामराव पाहुण्यांना मोठ्या रुबाबात सांगत. एवढा मोठा खंदक आमच्या भीतीने. आणि आता आतला मराठी माणूसच किल्ली लावून शत्रूला आत घेऊन आला होता, वर पुढे, पुढे म्हणत. सांगायला छान गोष्ट होती. फक्त ती स्वतःची होती.

६

रविवारी खोली भरली. प्रतिभा उशिरा आली, म्हणून तिला नेहमीची दारापाशीची जागा न मिळता पंख्याखालची खुर्ची मिळाली. रमेशराव आले, बसले नाहीत. किल्ली त्यांनी आधीच टेबलावर ठेवली होती, तिच्यात मंडळाची पितळी गणपतीची साखळी तशीच. विजयरावांनी ती अजून उचलली नव्हती. घड्याळाकडे मात्र बघत होते.

श्यामराव उभे राहिले. रात्रभर पाठ केलेलं एकच वाक्य होतं: रमेशचा काही संबंध नाही, तो मी. सोपं होतं. त्यांनी रमेशरावांकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं. समोर सहा उपासवाल्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या, गंगेचं पाणी वाचणाऱ्या माणसाकडे बघावं तशा. श्यामरावांनी तोंड उघडलं आणि जीभ आपल्या नेहमीच्या वाटेने चालू लागली.

“मी आता सांगतो ते तुमच्यापैकी कोणी खरं मानणार नाही,” ते म्हणाले.

मधुवंतीने मान खाली घातली.

पुढे मग जे निघालं ते ऐकण्यासारखं होतं. संकष्टीची संध्याकाळ. हावड्याकडून आलेल्या लाँचमधून उतरलेला एक दाढीवाला, हातात मेकॅनिकची पेटी. तो गल्लीत शिरला, मंडळाचं कुलूप त्याने केसाच्या पिनेने उघडलं, आत जाऊन कॉम्प्युटरला आपली घाण चिकटवली. चंद्रकोर कशाला? तर उपासवाल्यांवर संशय जावा म्हणून, फार पोचलेला माणूस. श्यामराव काय करत होते? घाटावर होते, पाण्यावर नजर लावून. दाढीवाला परतताना धावला, श्यामराव मागे धावले, त्याने लाँचवर उडी मारली, दाढी यांच्या हातात आली, पण वाऱ्याने ती गंगेत नेली. तेव्हा रमेशचा यात काही संबंध नाही, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे.

विजयरावांच्या चेहऱ्यावर अविश्वास होता, पण मागच्या रांगेत कोणी हसायला लागलं होतं. हसले की निम्मं काम झालं, हे श्यामरावांना अनुभवाने माहीत होतं. रमेशराव मात्र हसत नव्हते. ते मित्राकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, कोणीतरी भर रस्त्यात घसरताना बघावं तसं काहीतरी होतं. ते श्यामरावांना बघवेना. त्यांनी डोळे मिटले आणि शेवटचा पुरावा काढला.

“साक्षीदार हवा? आहे. त्याच वेळी मी प्रतिभाला फोन लावला होता. घाटावरूनच. विचारा तिला. होडीचं वल्हं तिने स्वतः ऐकलंय. असं वाजत होतं, कट्... कट्...”

ते थांबले, दाद मिळावी म्हणून. खोलीत कोणी बोललं नाही, आणि त्या शांततेत तोच आवाज पुढे चालू राहिला, त्यांच्या तोंडातून नव्हे. कट्. कट्.

प्रतिभाने हळूच मान वर केली. छताकडे बघत राहिली. मग टेबलावरची किल्ली तिने उचलली, रमेशरावांच्या हातात दिली आणि श्यामरावांकडे वळून, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

“पण श्यामकाका, घाटावर पंखा कुठून आला?”